मांजरीचं ऑपरेशन आणि आपली अहिंसा

दशलक्षण पर्वात बस्तीतलं प्रवचन संपलं की बायकांचे प्रश्न सुरू होतात. पाणी किती वेळा गाळायचं, कंदमुळाचं काय, सूर्यास्तानंतर औषधाची गोळी चालते का, हे नेहमीचे प्रश्न. अलीकडं त्यांत एक नवा प्रश्न येऊन बसलाय. विचारणारी जरा इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून विचारते, "अक्का, घरच्या मांजरीचं ऑपरेशन करून घेतलं तर पाप लागतं का हो?"

कुणी म्हणतं, लागतंच की, मुक्या जिवाची कूस बंद करायची म्हणजे काय! कुणी म्हणतं, मग दर चार महिन्यांनी पिल्लं पोत्यात घालून बाजारात सोडून येता ते पुण्य का? दोघींचं म्हणणं मनापासूनचं असतं. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जिच्या मनात तो येतो, तिच्या मनात अहिंसा अजून जागी आहे. पण हो किंवा नाही म्हणण्याआधी दोन इतिहास शेजारीशेजारी ठेवून बघायला हवेत. एक आपल्या दयेचा, दुसरा जनावरांवरच्या शस्त्रक्रियेचा.

आधी आपलं घर बघू. श्रावकानं कोणते धंदे करू नयेत याची पंधरा नावांची एक यादी आपल्या आचारग्रंथांत आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात ती आहे, पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही आहे. जंगल तोडून विकणं, कोळसे पाडणं, हस्तिदंताचा व्यापार, विष विकणं, तळी आटवणं, अशी ती यादी. तिच्यात एक नाव आहे निर्लांछन. जनावराचं नाक टोचणं, त्याला डाग देणं, कान कापणं, त्याला खच्ची करणं, या सगळ्याला मिळून तो एक शब्द. तत्त्वार्थसूत्रातही अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितलेत, त्यांत बांधणं, मारणं, जास्त ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं यांच्याबरोबर अवयवाचा छेद आहेच.

म्हणजे पहिल्या बाईची बाजू भक्कम दिसते. पण ही यादी ज्या काळात झाली, त्या काळात खच्ची कोणाला करत होते? खोंडाला. कशासाठी? तो नांगराला मुकाट चालावा म्हणून. कसं करत होते? आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना 'बैल बडवणे' हा शब्द ठाऊक असतो. खोंडाला पाडायचं, चारी पाय आवळायचे आणि वृषणाची नस चेचायची. भूल नाही, औषध नाही. विसाव्या शतकात इटलीच्या बर्डिझो नावाच्या पशुवैद्याचा चिमटा आला, आणि कातडी न फाटता नस दाबली जाऊ लागली. रक्त थांबलं, कळ मात्र राहिली. लाभ मालकाचा आणि यातना जनावराची, असा तो व्यवहार. आचार्यांनी बोट ठेवलं ते त्यावर. ही खूणगाठ बांधून ठेवूया, पुढं लागणार आहे.

आता दुसरा इतिहास. जनावरांची चिकित्सा आपल्याकडं जुनी. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी चिकित्सेची सोय केल्याचं कोरलेलं आहे. घोड्यांच्या वैद्यकाला शालिहोत्राचं नाव, हत्तींच्या वैद्यकाला पालकाप्याचं. म्हणजे राजाच्या सैन्यात ज्याची किंमत, त्याचा वैद्य आधी. युरोपातही तसंच झालं. आधुनिक पशुवैद्यकाची पहिली शाळा फ्रान्समध्ये ल्यों इथं क्लोद बुर्जेला यांनी काढली. १७६१ मध्ये परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी वर्ग सुरू झाले. कारण काय? गुरांची साथ आणि घोड्यांची निगा. १७९१ मध्ये लंडनला अशीच शाळा निघाली, तिथंही मुख्य विद्यार्थी घोड्याचाच अभ्यास करत. कुत्रं आणि मांजर यांना ना सैन्यात किंमत, ना शेतात. त्यामुळं त्यांचा डॉक्टर फार उशिरा आला.

त्या उशिराच्या काळात कुत्र्यामांजरांना कोणी थारा दिला असेल, तर तो आपल्या लोकांनी. राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी १५८० च्या दशकात खंबायतला आला होता. तिथं लंगडी कुत्री, मांजरं आणि पक्षी सांभाळायच्या जागा आहेत, याची त्यानं नवलानं नोंद केली. मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात कंपनी सरकारनं मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि जैन-हिंदू व्यापारीही त्यांना मिळाले. दुकानं बंद झाली, दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्याबरोबर मोतीशा शेठ यांच्यासारख्या जैन व्यापाऱ्यांचा त्यात हात होता. मारायला नेलेल्या कुत्र्यांना तिथं जागा मिळाली.

हे वाचताना अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण पांजरपोळात काय मिळत होतं? छप्पर, चारापाणी, आणि मरेपर्यंत कुणी मारणार नाही याची हमी. मोडलेला पाय मोडलेलाच राहायचा. गर्भ अडला तर मादी तडफडून जायची. आपण अभय दिलं, औषध देऊ शकलो नाही, कारण ते कुणाकडंच नव्हतं.

ते मुंबईत आलं पुढच्या पन्नास वर्षांत. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. १८८३ मध्ये सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी परळला जनावरांचं इस्पितळ काढलं आणि त्याला आपल्या पत्नीचं, बाई साकरबाईंचं नाव दिलं. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. सुरुवातीचे रोगी म्हणजे बैल आणि टांग्याचे घोडे. पण दार उघडं झालं, आणि त्या दारातून पुढं कुत्र्यामांजरांनाही आत जायला मिळालं.

आता भुलेकडं येऊ, कारण सगळा प्रश्न तिथंच अडकलाय. १६ ऑक्टोबर १८४६ ला अमेरिकेत बॉस्टन इथं ईथर हुंगवून माणसावर जाहीर शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणला. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जखमेत जंतू जाऊ नयेत म्हणून कार्बोलिक आम्लाची पद्धत मांडली. माणसाच्या शस्त्रक्रियेचं रूप वीस-पंचवीस वर्षांत पालटलं. जनावरांच्या वाट्याला मात्र हे सुख लगेच आलं नाही. इंग्लंडमध्ये बोक्याला खच्ची करायचं तर त्याचं डोकं जुन्या बुटात किंवा पोत्यात कोंबायचं आणि मागून काम उरकायचं, ही रीत कितीतरी वर्षं चालली. नखं लागू नयेत ही काळजी डॉक्टरला होती. बोक्याचं काय होतं, हे कोण विचारणार?

विचारणारे निघाले, तेही लंडनमध्येच. फ्रेडरिक हॉबडे नावाच्या पशुवैद्यानं क्लोरोफॉर्म देऊन, कधी कोकेननं तेवढी जागा बधिर करून, कुत्र्यामांजरांवर नीट शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली आणि १९०० साली फक्त त्यांच्या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिलं. घोड्याच्या डॉक्टरांच्या जगात मांजरीसाठी वेगळं पुस्तक लिहिणं, हे त्या काळी वेगळंच काम. पुढं तेच लंडनच्या त्या जुन्या कॉलेजचे प्राचार्य झाले.

दुसरा प्रश्न विचारला तो दोन बायकांनी. १९०३ मध्ये लुईझी लिंड आफ हागेबी आणि लैसा शार्टाउ या दोन स्वीडिश विद्यार्थिनी लंडनमध्ये शरीरशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना बसत. एका तपकिरी कुत्र्यावर सगळ्यांसमोर प्रयोग झाला. त्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती, असं त्यांनी आपल्या डायरीत लिहिलं आणि ती छापली. प्रकरण कोर्टात गेलं. प्रयोग करणारे बेलिस यांनी भूल दिली होती असं सांगितलं आणि खटला जिंकला. पण त्या कुत्र्याचा पुतळा १९०६ मध्ये बॅटरसी भागात उभा राहिला. त्यावरून वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी दंगे केले, १९१० मध्ये पुतळा रातोरात हलवला गेला, आणि १९८५ मध्ये पुन्हा नवा बसवला गेला. कोर्टात हरलेल्या बाजूचा प्रश्न मात्र लोकांच्या मनातून गेला नाही: त्याला दुखत होतं का? १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला की जनावरांवरच्या ठराविक शस्त्रक्रिया भूल दिल्याशिवाय करता येणार नाहीत.

याच सुमारास बायकांनाही या धंद्यात शिरायला जागा मिळाली. एलीन कस्ट यांनी पशुवैद्यकाचं शिक्षण १९०० साली पुरं केलं, पण बाई म्हणून त्यांना सनद नाकारली गेली. ती मिळाली १९२२ मध्ये. तोवर बाई सनदेशिवाय आयर्लंडमध्ये घोड्यागुरांवर उपचार करतच होत्या. आपल्या देशात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सक्कूबाई रामचंद्रन मद्रासच्या कॉलेजातून पशुवैद्य झाल्या. आज बेळगाव-कोल्हापुरात कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात गेलं की टेबलापाशी पुष्कळदा एखादी तरुण मुलगीच उभी दिसते, त्यामागं एवढी वाट चाललेली आहे.

एक देणं इथंच सांगून टाकते. आपण कुत्र्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करतो, पण आपल्या शस्त्रक्रिया आधी कुत्र्यांनी सोसल्यात. जन्मतः हृदयात दोष असून अंग निळं पडणाऱ्या बाळांवरची पहिली शस्त्रक्रिया नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात झाली. कल्पना डॉ. हेलन टाउसिग या बाईंची, हात डॉ. ब्लेलॉक यांचे, आणि त्याआधी प्रयोगशाळेत ती शस्त्रक्रिया बसवली ती विवियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञानं, कुत्र्यांवर. त्यांतली ॲना नावाची कुत्री पुष्कळ दिवस जगली. तिचं रंगवलेलं चित्र त्या इस्पितळात लावलं गेलं. ज्या घरात बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन बाळ हसतखेळत परत आलंय, त्या घरावर ॲनासारख्या कित्येक बिननावाच्या कुत्र्यांचं ऋण आहे. ते त्यांनी खुशीनं दिलेलं नाही, आपण घेतलेलं आहे. म्हणून भुलेचा, टाक्यांचा, औषधाचा जो लाभ त्यांच्या अंगावरून आपल्याला मिळाला, तो त्यांना परत मिळणं ही मेहेरबानी नव्हे.

आता दवाखान्यात प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, कारण न बघितलेल्या गोष्टीची भीती मोठी असते. आमच्या मनीच्या वेळी मी डॉक्टरीणबाईंना एकेक गोष्ट विचारून घेतली. आदल्या रात्रीपासून खाणं बंद. आपल्या भाषेत उपवास, पण पाण्याची थोडी सूट असलेला. भुलेत उलटी होऊन ती श्वासनळीत जाऊ नये म्हणून हे. अगदी लहान पिल्लाला मात्र इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत. मग वजन, कारण भुलेचं औषध वजनावर मोजतात. केटामाईन आणि झायलाझिन ही दोन्ही औषधं १९६२ च्या सुमाराची. त्यांनी लहान दवाखान्यांतलं काम सोपं केलं. मोठ्या दवाखान्यांत आता नळीवाटे वायूची भूलही देतात. मांजर भुलेत डोळे मिटत नाही, म्हणून बुबुळ कोरडं पडू नये यासाठी डोळ्यांत मलम घालतात.

बोक्याचं किंवा कुत्र्याचं ऑपरेशन लहान. वृषण काढायचे, काम थोड्या वेळात संपतं. मादीचं मोठं, कारण पोट उघडावं लागतं. नाभीच्या खाली किंवा कुशीवर लहानशी चीर घेऊन दोन्ही अंडाशयं आणि बहुधा गर्भाशयही काढतात. रक्तवाहिन्या बांधणं हे सगळ्यांत नाजूक काम, तो टाका सुटला तर आत रक्तस्राव होतो. मग थरावर थर शिवत बाहेर यायचं. नंतर वेदनाशामक, प्रतिजैविक, गळ्यात प्लास्टिकची कॉलर आणि दहा-बारा दिवस टाके चाटू न देण्याची कसरत. इथं एक गोष्ट घरोघरी ठाऊक हवी: मांजरीला दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल कधीही द्यायची नाही. तिच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, एका गोळीनंही जीव जाऊ शकतो.

टाक्याच्या दोऱ्याची गोष्ट तर आपल्या बायकांनी ऐकावीच. कित्येक वर्षं आतले टाके 'कॅटगट'नं घालत. नावात मांजर असलं तरी तो दोरा मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्यापासून करतात. लिस्टर यांनीच तो जंतुरहित करून वापरात आणला. अंगात तो आपोआप विरघळतो म्हणून माणसांच्या बाळंतपणातही तोच असे. १९७० च्या सुमारास विरघळणारा कृत्रिम दोरा निघाला आणि आतड्याची गरज उरली नाही. आपल्याला चालेल असा दोरा वापरा, एवढं डॉक्टरांना आधी सांगितलं तर त्यांना राग येत नाही. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी कल्याणकारक हा वैद्यकग्रंथ लिहिला, त्यात मांस, मद्य आणि मध वगळून औषधं सांगितली. १९४० मध्ये तो सोलापूरहून हिंदी भाषांतरासह छापला गेला. उपचार सोडायचा नाही आणि हिंसेचं साहित्यही घ्यायचं नाही, ही धडपड आपल्याकडं हजार वर्षांची आहे. कृत्रिम दोरा मागणारी श्राविका तीच वाट चालते.

ऑपरेशन फक्त पिल्लं थांबवण्यासाठी असतं असं नाही. पिल्लं न झालेल्या, वय झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो. पाळी येऊन गेल्यावर काही आठवड्यांत ती फार पाणी पिऊ लागते, खाणं टाकते, पोट फुगतं. वेळेवर गर्भाशय काढलं नाही तर बहुतेक वेळा मरण ठरलेलं. गर्भाशयच काढलेलं असेल तर हा आजार होत नाही. मोडलेल्या पायात सळई, अडलेल्या बाळंतपणात पोटातून पिल्लं काढणं, खडा झालेल्या बोक्याची लघवीची वाट मोकळी करणं, स्तनातली गाठ काढणं, ही कामं तर रोजची. पांजरपोळात जे जीव अभय मिळूनही तडफडून मरत होते, ते आज वाचतात.

पण प्रश्न फक्त घरच्या मनीचा नाही, गल्लीतल्या कुत्र्यांचाही आहे. १८३२ नंतरही नगरपालिकांनी कुत्री मारणं थांबवलं नव्हतं. विष, काठी, विजेचा धक्का, सगळं चाललं. मारूनही संख्या कमी होईना, कारण रिकाम्या जागी शेजारची कुत्री येत आणि तिथलं उकिरड्याचं अन्न तसंच असे. मद्रासमध्ये कॅप्टन व्ही. सुंदरम आणि त्यांच्या पत्नी उषा सुंदरम, ज्या स्वतः देशातल्या पहिल्या महिला वैमानिकांपैकी होत्या, यांनी ब्लू क्रॉस ही संस्था सुरू केली. १९६० च्या दशकात त्या संस्थेनं म्हणायला सुरुवात केली की मारू नका, ऑपरेशन करून, लस टोचून पुन्हा त्याच जागी सोडा. महापालिकेनं ते ऐकायला तीसएक वर्षं घेतली. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात हीच दिशा आली. २००१ मध्ये भारत सरकारनं त्याचे नियम केले, २०२३ मध्ये ते नव्यानं आले. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतल्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयात जे घडलं, त्यानं हा वाद पुन्हा घरोघरी पोचला.

चावलेल्या पोराच्या आईचं दुःख खरं आहे, त्याकडं पाठ फिरवून दया होत नाही. रेबीज झाला तर माणूस वाचत नाही, हेही खरं. पण त्यावरचा उपाय विष नव्हे. गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांना घाऊक लस टोचण्याची मोहीम चालली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. दहांतल्या सात कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असा त्यामागचा हिशेब. तिथं मुख्य काम लशीनं केलं, चाकूनं नाही. चाकूचं काम वेगळं: दर वर्षी गटारीच्या काठी जन्मून गाडीखाली जाणारी पिल्लं कमी करणं, म्हणजे लस दिलेल्या कुत्र्यांचं प्रमाण टिकतं.

आता बांधून ठेवलेली ती खूणगाठ सोडूया. गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला ऑपरेशनच्या वेळी एक खाच पाडतात, पुन्हा पकडून पोट उघडू नये म्हणून. कान कापणं आणि खच्ची करणं, यादीतली दोन्ही नावं एकाच टेबलावर! मग हे निर्लांछन नव्हे काय?

पूज्यपादाचार्य आपल्याच दक्षिणेतले. तत्त्वार्थसूत्रावरच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत त्यांनी एक शंका घेतली आहे. दुसऱ्याला दुःख देण्यानं पापाचा आस्रव होतो म्हटलं, तर मुनींचा केशलोच, उपवास यांचं काय? उत्तर देताना ते वैद्याचा दृष्टांत देतात. अंतःकरणात परम करुणा असलेला वैद्य मुनीच्या अंगावरचं गळू चिरतो. दुखतं तर खरंच. पण केवळ त्या बाहेरच्या निमित्तानं त्या वैद्याला पापबंध होत नाही. दीड हजार वर्षांपूर्वी आचार्यांनी चाकूकडं न बघता तो धरणाऱ्याच्या मनाकडं बघायला सांगितलं.

पण हा दृष्टांत सैल सोडला तर कशालाही लावता येतो. गळू मुनींना होतं, मनी तर धडधाकट आहे. म्हणून मी तरी मनाशी तीन प्रश्न धरते. हे कोणासाठी, त्या जिवासाठी की माझ्या सोयीसाठी? वेदना टाळण्यासाठी जे शक्य आहे ते सगळं केलं का? आणि नंतर त्याची जबाबदारी कोणी घेतली का? गल्लीतल्या कुत्रीला पकडून, घाईनं चिरून, दुसऱ्या दिवशी टाके ओले असताना रस्त्यावर टाकली, तर ते निर्लांछनच, कागदावर नाव काहीही असो. तिला नीट भूल दिली, जखम भरेस्तोवर सांभाळली, लस टोचली आणि तिच्याच गल्लीत सोडली, तर ते वैद्याचं काम.

आणि एक बोलते, राग मानू नका. ऑपरेशनचं पाप विचारणाऱ्या आपल्यापैकी काहींच्या अंगणात डोबरमन असतो. त्याची शेपूट तोडलेली, कान कापून ताठ केलेले. ते त्याच्या कोणत्या आजारासाठी? शोभेसाठी! कान-शेपूट कापणं, भुंकू नये म्हणून घशातले पडदे कापणं, सोफा फाटू नये म्हणून मांजरीची नखं मुळासकट काढणं, ही त्या जुन्या यादीची आजची पानं आहेत. भूल दिली म्हणून ती पुसली जात नाहीत. पहिल्या प्रश्नालाच ती नापास होतात. पण त्यांच्याबद्दल प्रवचनानंतर मला कुणी कधी विचारलेलं नाही.

म्हणून मला विचारणाऱ्या बहिणीला मी सांगते: घरात मांजर पाळायची तर तिच्या पिल्लांची जबाबदारी तुझी. ती सगळी सांभाळायची ताकद असेल तर ऑपरेशन करू नकोस, कुणाची सक्ती नाही. ताकद नसेल, तर पिल्लं पोत्यात घालून लांब सोडणं हा त्या तीन प्रश्नांपैकी एकालाही पुरा पडणारा मार्ग नव्हे. चांगला डॉक्टर बघ, दोरा विचार, वेदनाशामक किती दिवस ते विचार, आणि करून घे.

आपण चार दानं मानतो: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पांजरपोळाला चाऱ्याचे पैसे आपण आजी-पणजीपासून देत आलोय, ते आहारदान. मरू देणार नाही म्हटलं, ते अभयदान. यंदा जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन एकदा विचारा की भुलेच्या औषधाचं, टाक्याच्या दोऱ्याचं, वेदनाशामकाचं महिन्याचं बिल किती होतं. पर्वातल्या दानाच्या पावतीवर त्यातलं काही लिहिता आलं, तर तेही औषधदानच आहे.